काळा वाख

फाल्गुनातल्या त्या दुपारी बलभीम मोटेच्या नाड्यावर बसून उतरत होता आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो धावेवरच्या चिखलात बसलेला होता. मधे काय झालं हे त्याला आठवडाभर धड सांगता आलं नाही. सांगायला बसावं लागतं आणि बसणंच त्याला जमत नव्हतं.

मोट भरून वर आली होती. बैल धावेच्या, विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेच्या, टोकाशी पोचत आले होते. बैल उतारावर निघाले की मोट हाकणारा त्यांच्या मागं ताणलेल्या जाड दोरावर बूड टेकतो. तोच नाडा. बैलांना जोर मिळतो आणि माणसाचं चालणं वाचतं. बलभीम चांगला अडीच मणांचा गडी, वर मोठ्यानं गाणं म्हणत होता. गाण्याच्या मधेच नाडा तुटला. मोट खाली पाण्यावर आपटली, ओझं सुटलेले बैल पुढं कोलमडले आणि डाव्या बैलाचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. कांद्याला पाणी चाललं होतं, ते अर्ध्या वाफ्यातच थांबलं.

ही विहीर एकट्या बलभीमची नव्हती. त्याचा चुलतभाऊ श्रीमंत निम्म्याचा मालक. एक दिवस ह्याची पाळी, एक दिवस त्याची. मोट एक, नाडा एक, बैल ज्याचे त्याचे. बोलणं मात्र तीन वर्षांपासून बंद होतं, बांधावरच्या एका बाभळीपायी. आदल्या दिवशी पाळी श्रीमंतची होती. बलभीमनं चिखलातून उठून दोराचं तुटकं टोक हातात घेतलं, तर ते आखूड, सपाट, एका घावात तोडल्यासारखं दिसलं.

"कापलाय!" त्यानं बोंब ठोकली. "इळ्यानं कापलाय! जीव घ्यायला टपलाय माझा!"

संध्याकाळपर्यंत वाडीत दोन तट पडले. आमची वाडी येरमाळ्यापासून दोन कोसांवर, घरं असतील सत्तर-ऐंशी. एवढ्याशा गावात तट पडले की तिसरं माणूस शिल्लक राहत नाही. श्रीमंतच्या पोरीची सोयरीक येरमाळ्यात ठरत आली होती. तिकडच्या माणसांनी निरोप धाडला, तुमचा निकाल लागू द्या, मग सुपारी फोडू. श्रीमंतनं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही.

निकाल न्यायपंचायतीत लागायचा होता. महाराष्ट्र होऊन दीड-दोन वर्षं झाली होती आणि सरकारनं पाच गावांत मिळून एक न्यायपंचायत करून दिली होती. गावोगावचा एकेक पंच, पाच जणांनी बसून किरकोळ तंटे मिटवायचे. कामकाज लिहायला शाळामास्तर, म्हणजे मी. मी मूळचा तुळजापूरचा. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

आमच्या वाडीचा पंच होता शांतवन.

शांतवनचं घर वेशीबाहेर, ओढ्याच्या कडेला. पिढीजात दोर वळणारं घर. गावातला प्रत्येक बैल, प्रत्येक पाळणा, प्रत्येक मोट ह्यांच्या दोराला बांधलेली. शिवाय घर ख्रिस्ती. पंच निवडायची वेळ आली तेव्हा बलभीमच्या बाजूला श्रीमंतचा माणूस चालेना आणि श्रीमंतच्या बाजूला बलभीमचा. दोन तास हमरीतुमरी झाल्यावर कुणीतरी म्हणालं, शांतवनला घाला, तो कुणाच्याच भावकीतला नाही. भांडून दमलेल्या लोकांनी हात वर केले. इतकी साधी ही निवड. पण शांतवनला ती साधी वाटली नाही. त्या दिवशी घरी जाताना त्याची मान केवढी ताठ होती ते मी पाहिलंय.

अडचण घरातच होती. म्हातारा लिंबाजी, शांतवनचा बाप, वाडीतला पहिला ख्रिस्ती. निजामाच्या अमदानीत त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याआधीची त्याची जीभ म्हातारी माणसं अजून आठवतात. कुणाची म्हैस कशी, कुणाची सून कशी, कुणाचा दोर कसा, हे लिंबाजी कुणी न विचारता सांगायचा. पण येशूच्या शिकवणीतली एक गोष्ट त्याच्या काळजात घुसली. माणसानं दुसऱ्याचा न्याय करू नये. त्या दिवसापासून त्यानं तोंडाला जी गाठ मारली ती वीस वर्षं सुटली नाही. पाऊस लागला तर "देवाचं देव बघंल." कालवणात मीठ जास्त झालं तर "सुनंचं सून बघंल." पोरानं वळलेला दोर चांगला की वाईट, हेसुद्धा तो सांगत नसे. आख्ख्या तालुक्यात दोरातलं इतकं कळणारा दुसरा माणूस नव्हता, आणि त्याच्या पोराला वीस वर्षांत बापाच्या तोंडून ना शाबासकी मिळाली, ना शिवी.

"बा, पंच होऊ का?" शांतवननं विचारलं.

"तुझं तू बघ."

"आपल्या धर्मात बसतंय का पर?"

"दुसऱ्याचा न्याय करू न्हाय म्हनलंय. फुडचं तुझं तू बघ."

शेवटी धाराशिवहून महिन्यातून एकदा एसटीनं येणाऱ्या पाळकसाहेबांना विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, "माणूस चांगला का वाईट ते देव ठरवील, त्यात पडू नकोस. पण बैल कुणाच्या पिकात शिरला, ते माणसांनीच बघायचं असतं. सरकारानं बोलावलंय, तर जा. तेवढंच बघ आणि थांब." शांतवनचा जीव भांड्यात पडला. लिंबाजी म्हणाला, "पाळकसायबांचं पाळकसायब बघतील."

हे झालं नाताळाच्या आधी. पुढं पंचांना कळंबला शपथेला बोलावणं आलं आणि इथंच घोळ झाला. त्या वेळी ओढ्याच्या डोहात अंबाडीच्या पेंढ्या भिजत घातलेल्या होत्या. अंबाडी भिजली की साल सुटते, साल सोलून धुतली की पांढरा लांब धागा निघतो. तो वाख. वर्षभराचे दोर त्याच वाखाचे. पेंढ्या कधी काढायच्या ह्याला दिवस ठरलेला नसतो. लवकर काढली तर साल सुटत नाही, चार दिवस जास्त राहिली तर धागा कुजतो, काळा पडतो. जाताना शांतवननं बायकोला बजावलं होतं, "म्या आल्याबिगर पेंढ्यांना हात लावायचा न्हाय. कवा काढायच्या ते मला कळतंय."

शपथ एका दिवसात झाली. पण तिथं फोटोचं दुकान होतं. शांतवननं उसना कोट घालून, टेबलावर हात ठेवून, कागदी फुलांशेजारी फोटो काढून घेतला. फोटोवाला म्हणाला, पाच दिवसांनी या. एवढ्या लांब परत यायचं कशाला म्हणून शांतवन मावसभावाकडं पाच दिवस राहिला.

फोटो फार सुरेख आला. वाख काळा झाला.

सगळाच नाही. निम्मा पांढरा होता, निम्मा करपल्यासारखा. शांतवनची बायको सालोमी, जिला गाव सालूबाई म्हणतं, त्याला म्हणाली, "हा काळा वाख शेरडांच्या दाव्याला ठेवा. नाड्याला नगं." नवे पंच म्हणाले, "पेडांच्या पोटात घालू. वरनं पांढरा आला की कुणाला कळतंय?" आणि सालोमीनं सगळ्यांत चांगल्या दोन जुड्या वेगळ्या काढल्या, कारण लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि पाळण्याच्या दोऱ्या तिला पांढऱ्याशुभ्र वाखाच्याच हव्या होत्या. लिंबाजी शेजारी बसून हे सगळं बघत होता. त्यानं काळा वाख बोटांत धरला, नाकाला लावला आणि खाली ठेवला. बोलला काही नाही.

मला हे सगळं पुढं सालोमीनंच सांगितलं, हसत हसत, नवऱ्याच्या समोर.

नाडा तुटल्याची बातमी आली तेव्हा ती दारात शेंगा फोडत होती. शांतवन दावं वळत होता. त्याचा हात थांबला.

"इळ्यानं कापलाय म्हणं," बातमी आणणारी बाई म्हणाली आणि पुढच्या घरी सांगायला पळाली.

सालोमीनं नवऱ्याकडं बघितलं. भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं.

"कापला असंल," शांतवन म्हणाला.

"असंल की."

"तू तशी बघू नगंस."

"म्या कुठं बघतीय? शेंगा बघतीय."

पुढचे पाच दिवस शांतवनच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. घरात बसवत नव्हतं, बाहेर फिरवत नव्हतं. एकदा तो बापासमोर जाऊन बसला आणि म्हणाला, "बा, तुमी वाख बघितला व्हता. सांगा की कायतरी." लिंबाजीचे ओठ हलले. मग त्यानं मान फिरवली. सालोमीच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी म्हातारा ओढ्याकाठी जाऊन बराच वेळ एकटाच बसला.

मंगळवारी पंचायत भरली. चावडीत मी सतरंजी अंथरली. चार पंचांना सतरंजी आणि शांतवनला थोडं बाजूला, घडी घातलेलं गोणपाट. ते गोणपाट मीच घातलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मला विचारलंही नव्हतं. पहिल्या बैठकीपासून मी ते घालत होतो आणि शांतवन त्यावर काही न बोलता बसत होता. मला त्याची आज फार लाज वाटते, म्हणून इथं सांगून टाकतो.

सरपंच आण्णासाहेब. शेजारच्या गावचे बागायतदार, मिशीला पीळ, माणूस मात्र सरळ. त्यांनी बलभीमला बोलावलं. बलभीम उभा राहिला.

"बसा की," आण्णासाहेब म्हणाले.

"उबाच बरा हाय मी," बलभीम म्हणाला. चावडीत हसू पिकलं. बलभीमनं सगळ्यांकडं डोळे वटारले आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलेली नाड्याची दोन्ही टोकं सतरंजीवर आपटली. "बगा. दोर आपसूक तुटला तर त्याचे केस निघत्यात, लांब लांब. ह्याचं टोक बगा. झाडून सगळं सारखं. कापलाय!"

"श्रीमंत, तुमचं काय?"

श्रीमंतचा आवाज बसला होता. "म्या कापला न्हाय. त्याच्यासंगं बोलत न्हाय म्या, पर त्याचं वाईट चितलं न्हाय. माझ्या लेकीची आन."

"आन घिऊन दोर सांधत न्हाय!" बलभीम ओरडला.

टोकं पंचांच्या हातांतून फिरली. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं मान हलवली. कापल्यासारखंच दिसतंय, तिसरा म्हणाला. श्रीमंत भिंतीला टेकला. मी कागदावर "कापल्यासारखे दिसते" असं लिहिलंसुद्धा.

मग आण्णासाहेब म्हणाले, "अरे, आपण कशाला डोकं खाजवतोय? दोरवाला आपल्यात बसलाय. शांतवन, तू सांग. कापलाय का तुटलाय? तू म्हणशील ते आम्ही सगळे धरू."

टोकं गोणपाटावर आली.

शांतवननं हात पुढं केला आणि मागं घेतला. दारात बायकांच्या घोळक्यात सालोमी उभी होती. तिच्या मागं, काठीवर दोन्ही हात ठेवून, लिंबाजी. कापलाय, एवढी चार अक्षरं बोलायची होती. दोराचं नाव राहिलं असतं, पंचाचा मान राहिला असता, पुढच्या हंगामाला गाव पुन्हा त्याच्याच दारात आलं असतं. श्रीमंत गावात भावाच्या जिवावर उठलेला ठरला असता, एवढंच.

शांतवननं टोक उचललं. वरचे पांढरे धागे बाजूला सारले आणि पेडाचं पोट नखांनी उकललं. काळा चुरा खाली पडला. त्यानं त्यातला एक धागा दोन बोटांत धरून ओढला, तो वाळक्या गवतासारखा टचकन तुटला. मग त्यानं एक गोष्ट केली. तो गोणपाटावरून उठला, पलीकडं गेला आणि श्रीमंतच्या शेजारी भिंतीला लागून उभा राहिला.

"आण्णा, मला तिथं बसता येत न्हाय," तो म्हणाला. "हा नाडा कुनी कापला न्हाय. कुजका वाख हाय. पेडांच्या पोटात म्या घातला, वरनं पांढरा लावला. कुजका वाख असाच आखूड तुटतो, कापल्यावानी. गुन्हा माझा हाय."

मग आण्णासाहेबांनी विचारलं, "तुझ्यासारख्याच्या घरात वाख कुजला कसा?"

शांतवननं मान खाली घातली. "मी पंच झालो म्हून. शपथंला गेलो आन् तिकडंच ऱ्हायलो."

"शपथ एका दिवसाची व्हती की!"

"फोटु काढला व्हता," शांतवन म्हणाला. "तो मिळंस्तवर पाच दिस थांबलो."

पहिल्यांदा कोण हसलं मला माहीत नाही. मला वाटतं सालोमी. तिनं तोंडाला पदर लावला होता, पण खांदे गदगदत होते. मग बायका हसल्या, मग पंच, मग आण्णासाहेबांची मिशी हलायला लागली. शांतवन आधी कावराबावरा झाला, नंतर तोही हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. पाच दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं ते सगळ्यांना दिसलं. श्रीमंतनं त्याचा दंड धरला. भर चावडीत त्याला हात लावणारा गावातला तो पहिला माणूस.

"आता ह्याला शिक्षा काय?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"शिक्षा म्या सांगतो," शांतवन म्हणाला. "नवा नाडा देतो. आन् बैलाचे गुडघे बरे हुईस्तवर बलभीमतात्यांची मोट म्या हाकतो. पंचाचं काम सोडतो."

"पहिल्या दोन कबूल. तिसरी न्हाय," आण्णासाहेब म्हणाले. "तुला सोडलं तर ह्या दोघांच्या भावकीतला घ्यावा लागंल. मास्तर, ल्ह्या."

बलभीम अजून उभाच होता. एका पंचानं त्याच्याकडं बोट दाखवलं. "आन् ह्यानं भावावर खोटा आळ घेतला, त्याचं काय?" सगळ्यांनी शांतवनकडं बघितलं.

"त्यांचं ते बघतील," शांतवन म्हणाला. दारात लिंबाजीची काठी हलली.

बोलून मोकळं होणं सोपं, नाडा वळायला वाख लागतो. अंबाडीचा हंगाम केव्हाच संपलेला, घरात होता तो सगळा दोरांत गेलेला. शांतवन घरी पोचला तेव्हा सालोमीनं पाळण्याच्या दोन जुड्या अंगणात आणून ठेवल्या होत्या.

"ह्या नगं," तो म्हणाला.

"मग काय मिशीचं केस उपटून वळता? पाळण्याला माझं जुनं लुगडं बास हाय. तुमचं पोरगं काय अडीच मनाचं जन्मनार हाय व्हय?"

जुड्या पुरेनात. दुपारी श्रीमंतची बायको काखेत एक जुडी घेऊन आली, मागच्या वर्षीची, चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवलेली. मग आणखी एक घर आलं. एका म्हातारीनं उशीत भरलेला वाख उपसून दिला. वेशीबाहेरच्या त्या अंगणात एका दिवसात गावातली जेवढी माणसं आली, तेवढी आधीच्या दहा वर्षांत आली नसतील.

नाडा वळायला बुधवारी सकाळी सुरुवात झाली. तीन पेड आधी वेगवेगळे पिळायचे, मग तिन्ही एकत्र वळायचे. दोन टोकांना दोन माणसं लाकडी फिरक्या घेऊन उभी राहतात, एकमेकांच्या उलट फिरवतात, आणि मधे दोरवाला खाचांचा ठोकळा धरून चालतो. फिरवणाऱ्यांचे दंड भरून येतात. एका टोकाला श्रीमंत आपणहून उभा राहिला. दुसऱ्या टोकाला माणूस हवा होता.

ओढ्याच्या बाजूनं बलभीम आला. हळूहळू, पाय फाकवून.

"बसायचं काम न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"न्हाय तात्या. उबं ऱ्हायचं."

"मग आन हिकडं."

चाळीस हातांवर दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले. सुरुवातीला दोघांनी माना फिरवून फिरक्या फिरवल्या. त्यामुळं एकाची चाल जलद, एकाची हळू, दोराला मधेच गाठी पडायला लागल्या. शांतवन मधे थांबला. "एकमेकांकडं बघितल्याबिगर हे हुयाचं न्हाय," तो म्हणाला. "हात बघून हात चालवावा लागतो."

मग त्यांनी बघितलं. थोड्या वेळानं बलभीम म्हणाला, "हळू की जरा." तीन वर्षांनी भावाशी धड बोललेला पहिला शब्द. श्रीमंत म्हणाला, "तूच जरा जोर लाव. खाऊन खाऊन सुस्तावलायस." बलभीमनं जोर लावला. पुढं ते काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही, पण दोघांचे चेहरे घामानं आणि हसण्यानं चमकत होते. तिसऱ्या प्रहरी नाडा तयार झाला. लांबलचक, पांढराशुभ्र. शांतवननं तो अंगणात पसरला आणि सगळे भोवती जमले. वा वा झाली. मीही वा म्हटलं, मला दोरातलं काही कळत नसताना.

तेवढ्यात ओसरीवरून काठीचा आवाज आला. लिंबाजी उठला होता. तो अंगणात उतरला, नाड्याच्या एका टोकाशी उकिडवा बसला आणि अंगठा दाबत दाबत, बसल्या बसल्या सरकत, दुसऱ्या टोकाकडं निघाला. निम्म्यावर तो थांबला. पुन्हा मागं गेला. पुन्हा दाबलं.

सालोमीनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"इथनं फुडं ढिला हाय," लिंबाजी म्हणाला. "उसव."

कुणाला खरं वाटेना.

"बा?" शांतवन म्हणाला.

"बहिरा झालास व्हय? ढिला हाय म्हनतोय. तिसऱ्या पेडाला पीळ कमी पडलाय. तू चालताना ठोकळा वाकडा धरतोस, ल्हानपनापासनं धरतोस. उसव सगळा!" म्हाताऱ्याचा आवाज वर वर चढत होता. वीस वर्षांची गाठ सुटली होती आणि आता ती थांबायची नव्हती. "आन् तो काळा वाख म्या बघितला व्हता. वास आला व्हता मला. तवाच तोंडावर सांगाया पायजे व्हतं, ह्यात मानूस मरंल म्हून. गप बसलो. मानसाचा न्याय करू नगं म्हनलंय देवानं, वाखाचा करू नगं असं कुठं म्हनलंय? माझं म्या बघायचं व्हतं ते बघितलं न्हाय."

दिवसभराची मेहनत उसवायची म्हणून बलभीमनं कपाळाला हात लावला. पण शांतवनचं लक्ष कुणाकडंच नव्हतं. चाळिशीला आलेला तो माणूस, सरकारचा पंच, बापासमोर मातीत बसला होता आणि शिव्या खाताना त्याच्या तोंडावर जो आनंद होता, तसा मी त्याच्या फोटोतसुद्धा पाहिला नव्हता.

"वाकडा कसा धरतो, बा?" तो म्हणाला. "दावा की."

नाडा उसवला. गुरुवारी लिंबाजीनं स्वतः ठोकळा धरला आणि दोन्ही भावांना असं काही फैलावर घेतलं की शुक्रवारी सकाळी त्यांचे हात वर होत नव्हते.

शनिवारी विहिरीवर निम्मी वाडी जमली. नाडा चाकावर चढला, मोट खाली गेली, भरली. श्रीमंतनं आपले बैल जुंपले होते, पाळी बलभीमची असूनही. आता उतारावर नाड्यावर बसायचं कुणी? बलभीमनं दोन पावलं मागं घेतली आणि दुखरी जागा चोळली. शांतवन पुढं झाला. "म्या बसतो. शिक्षा माझी हाय."

"हो तिकडं," लिंबाजी म्हणाला.

त्यानं काठी सुनेच्या हातात दिली, धोतर खोवलं आणि कुणी धरायच्या आत बैलांच्या मागं जाऊन ताणलेल्या नाड्यावर सत्तर वर्षांचं बूड टेकलं. बायकांनी किंकाळी फोडली. शांतवन कासरा धरून बैलांच्या बाजूनं चालायला लागला. बैल निघाले, नाडा कुरकुरला, म्हाताऱ्याचे वाळके पाय जमिनीवरून सुटले आणि तो उतारावर झुलत झुलत खाली चालला. वर मोट थारोळ्यात, विहिरीच्या काठच्या दगडी कुंडीत, ओतली गेली, पाण्याचा लोट पाटात धावला, कांद्याच्या वाफ्याकडं वळला आणि सगळ्यांनी एकच ओरडा केला.

पुढच्या मंगळवारी मी चावडीत फक्त सतरंजी अंथरली. ते गोणपाट घरी नेऊन त्यात मी गोवऱ्या भरल्या. शांतवन आला, त्यानं क्षणभर इकडंतिकडं बघितलं आणि सतरंजीवर आण्णासाहेबांशेजारी बसला. मी लिहायला लागलो.

पण मला आठवतो तो शनिवारच. धावेच्या टोकाला बैल थांबले होते, पाण्याचा आवाज चालला होता, आणि शांतवन नाड्यावर बसलेल्या बापाकडं बघत उभा होता. विचारायचं धाडस त्याला होईना. लिंबाजीनं बुडाखालच्या दोरावर तळहात ठेवला, दाबून बघितला, आणखी एकदा दाबून बघितला.

"बरा झालाय," तो म्हणाला.